सोलापूरची लेझीम आणि हलगीचा मान

सोलापूर म्हटले की परगावच्या मनुष्यास प्रथम चादर आठवते, मग शेंगांची चटणी, आणि फार झाले तर सिद्धेश्वराचा तलाव. येथील उन्हाची व पाणीटंचाईची आठवण तर पाहुणे सहसा विसरत नाहीत. परंतु ह्या नगरीचे एक भूषण असे आहे की, ते बाजारात मिळत नाही आणि पिशवीत घालून गावी नेताही येत नाही. ते पाहावयाचे असेल तर गणेशचतुर्थीस काही आठवडे उरले असता, दिवेलागणीच्या सुमारास गावात पायी फिरावयास निघावे. बाळीवेस, शुक्रवार पेठ, टिळक चौक, पूर्वभागातील विणकरांच्या गल्ल्या, कोठेही जा. एखाद्या मैदानातून किंवा शाळेच्या पटांगणातून प्रथम हलगीचा कडकडाट कानी येतो आणि पाठोपाठ शेकडो लोखंडी चकत्यांचा एकाच क्षणी झालेला झणत्कार. हा लेझीमचा सराव होय. पुण्याने ढोलताशास मान दिला, कोकणाने ढोलकीस दिला. सोलापूरच्या गणेशोत्सवाचा प्राण मात्र लेझीमच्या ताफ्यात आहे.

लेझीम ही वस्तु तशी साधी. दीडएक फुटाचा लाकडी दांडा, त्याच्या दोन्ही टोकांस जोडलेली लोखंडी साखळी, साखळीत ओवलेल्या पातळ चकत्या आणि मध्यभागी धरावयास मूठ. दांडा एका हातात, मूठ दुसऱ्या हातात. शब्द फारशी आहे. मूळ अर्थ तिरंदाजांच्या व्यायामाचे धनुष्य, ज्यास दोरीऐवजी साखळी असे. तात्पर्य, हे आरंभी वाद्य नव्हतेच. ते आखाड्यातील मेहनतीचे साधन होते. आपल्याकडे तालीम हा शब्द आखाड्यासही लावतात व सरावासही लावतात. लेझीमच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. पुढे शाळांतून व व्यायामशाळांतून ती शिकविली जाऊ लागली, आणि 'चार आवाज', 'एक जगह', 'आदि लगाव', 'पवित्रा', 'दो रुख' ही हुकमांची भाषा मराठी मुलांच्या तोंडी बसली. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ साली बर्लिन येथे ऑलिंपिकच्या प्रसंगी देशी खेळांची प्रात्यक्षिके करून आले, आणि १९८२ साली दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या उद्घाटनात महाराष्ट्राची लेझीम साऱ्या आशियाने पाहिली. ज्या खेळाची अशी वाखाणणी परक्या देशांपर्यंत पोचली, तो सोलापुरात मात्र कोणत्याही प्रदर्शनासाठी नव्हे, तर गल्लीच्या अभिमानासाठी खेळला जातो.

हा खेळ येथेच इतका का रुजला, ह्याचे उत्तर गावाच्या घडणीत सापडते. येथे मराठी, कानडी व तेलगु ह्या तीन भाषा एकाच रस्त्यावर बोलल्या जातात. १८७७ साली चालू झालेल्या जुन्या गिरणीने व तिच्यामागून आलेल्या नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णु इत्यादी गिरण्यांनी दूरदूरचे लोक येथे आणिले. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, कर्नाटकातून लिंगायत व्यापारी आले, आसपासच्या दुष्काळी खेड्यांतून मराठे, महार, मांग, धनगर आले. दिवसभर मागावर उभे राहून संध्याकाळी हे सारे पेठेच्या तालमीत जमत. एकाची भाषा दुसऱ्यास येवो वा न येवो, ठोका मात्र सर्वांस कळतो. चौथ्या ठोक्यास खाली वाकावयाचे, हे तेलगु मुलास मराठीत समजावून सांगावे लागत नाही. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, त्यांचे भोंगे थांबले, पण पेठेची ही संध्याकाळ टिकून राहिली. १८८५ पासून चालत आलेला म्हणून ज्याची ख्याती आहे त्या आजोबा गणपतीच्या गावात ती टिकली नसती तरच नवल.

सराव पाहावयास उभे राहिलो म्हणजे आमच्यासारख्या जन्मभर फळ्यापुढे उभ्या राहिलेल्या मास्तराचे लक्ष स्वाभाविकपणेच शिकविणाऱ्याकडे जाते. ताफ्यात साठ-सत्तर मुले दोन रांगांत उभी असतात. सर्वांत पुढे मुरलेले तरुण, मागे मागे लहान पोरे. लहानांस कोणी वेगळा पाठ देत नाही; ती पुढच्याच्या पाठीकडे व पायांकडे पाहून शिकतात. चुकले तर मागचा बोलत नाही, नुसता कोपराने ढोसतो. सात-आठ दिवसांत पोर डावात येते. ही खरी गुरुकुलपद्धती! आणि ह्या साऱ्या शिक्षणाचा सूत्रधार मैदानाच्या मध्यभागी नसतो; तो एका कडेस, शेकोटीजवळ उभा असतो. त्याच्या छातीशी हलगी असते. उजव्या हातात आखूड जाड टिपरू, डाव्या हातात लांब बारीक काडी. शेजारी घुमके वाजविणारा व कैताळ वाजविणारा असे त्याचे दोन साथीदार. त्याने ठोका बदलला की सत्तर शरीरे वळतात. त्याने हात थांबविला की सत्तर शरीरे थिजतात.

एका सायंकाळी अशाच एका हलगीवाल्या वृद्धास आम्ही विचारले, "वस्ताद, मधेमधे ही हलगी विस्तवापुढे का धरता?" त्याने हलगी कानाशी नेऊन बोटाने टिचकी मारली व म्हणाला, "गुरुजी, कातडं तापलं न्हाई तर ते बोलत न्हाई. पावसाळी हवेत तर लईच रुसतंय." कोणापाशी शिकलात, असे विचारता उत्तर मिळाले, "बा वाजवायचा, म्या ऐकायचो. हात धरून कुनी शिकवलं न्हाई." इतक्यात चहा आला. मुले मैदानाच्या मधोमध कोंडाळे करून बसली. वस्ताद मात्र आपला पेला घेऊन, कोणी सांगितल्यावाचून, भिंतीकडे गेला आणि तेथे उकिडवा बसला. त्याला तिकडे जा असे म्हणणारा त्या मैदानात एकही जण नव्हता. साठ वर्षांची सवय पायांत भिनली होती, इतकेच. मग दहा-बारा वर्षांचा एक मुलगा उठला, त्याच्याजवळ गेला आणि म्हणाला, "वस्ताद, तो शेवटचा डाव परत सांगा की, इकडं या." आणि त्याचा हात धरून त्याला मध्यभागी घेऊन आला. मुलाच्या मनात समतेचा विचार असेल असे आम्हांस वाटत नाही. त्याला डाव शिकावयाचा होता. परंतु ज्यास विद्या हवी असते तो गुरूस भिंतीशी बसू देत नाही, हे शहाणपण त्याच्या अंगी आपोआप आले होते.

वाचकांस हा प्रसंग क्षुल्लक वाटू नये. हलगी वाजविण्याचे काम आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या मांग, महार, होलार ह्या जातींकडे सोपविले. दवंडी त्यांनी पिटावी, लग्नाच्या वरातीपुढे त्यांनी वाजवावे, कुस्तीच्या फडास रंग त्यांनी आणावा आणि प्रेतयात्रेपुढेही त्यांनीच चालावे. मात्र कातड्याचा विटाळ म्हणून ओसरीवर पाऊल ठेवू नये, असा न्याय होता. आम्हां संस्कृत शिकलेल्या लोकांस ह्यातील विसंगती अधिक जाणवावयास हवी. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात वाद्यांचे तत, अवनद्ध, घन व सुषिर असे चार प्रकार सांगितले आहेत. अवनद्ध म्हणजे कातड्याने मढविलेले. त्याच्या उत्पत्तीची कथाही तेथे आहे. स्वातिमुनी पाणी आणावयास सरोवरावर गेले असता पाऊस आला. लहान, मोठ्या व मध्यम कमलपत्रांवर पडणाऱ्या थेंबांचे निरनिराळे ध्वनी त्यांनी ऐकले, मनात साठविले, आणि आश्रमात परतून विश्वकर्म्याच्या साहाय्याने मृदंगादी वाद्ये निर्माण केली. म्हणजे ऋषीने चर्मवाद्य घडविले ते निसर्गाचे शिष्यत्व पत्करून. आणि पाणिनीच्या व्याकरणाचा पाया जी चौदा माहेश्वर सूत्रे, ती तर नटराजाच्या डमरूतून निघाली अशी आपली परंपरा सांगते. ज्या व्याकरणाच्या बळावर आपण शुद्धाशुद्ध ठरवितो, त्याचे मूळ चामड्यावर पडलेल्या ठोक्यात आहे! मग तोच ठोका रस्त्यावर वाजविणारा अशुद्ध कसा?

हा प्रश्न केवळ आपलाच आहे असे मात्र नाही. पृथ्वीच्या दुसऱ्या अंगास एका शहराने तो कसा सोडविला हे पाहण्यासारखे आहे. आणि तिकडे जाण्याची वाटही, गमतीची गोष्ट अशी की, सोलापूरवरूनच जाते. निजामशाहीचा सुप्रसिद्ध वजीर मलिक अंबर हा हबशी देशात जन्मलेला, बालपणी गुलाम म्हणून विकला गेलेला आणि बगदादमार्गे दख्खनेत आलेला पुरुष. १६२४ मधील भातवडीच्या विजयानंतर त्याने विजापूरकरांकडून सोलापूरही घेतले. आपला भुईकोट किल्ला ज्या दोन शाह्यांच्या भांडणाचे कारण होता, त्या दोहोंच्या दरबारी आफ्रिकेतून आलेले सरदार होते. पूर्वेकडे आलेल्या अशा काही गुलामांस तलवार मिळाली व राज्ये हाती आली. पश्चिमेकडे, अटलांटिक महासागरापार, ज्यांस नेले त्यांच्या नशिबी उसाचे मळे व चाबूक आला. एकट्या ब्राझील देशात असे जवळजवळ पन्नास लाख आफ्रिकी लोक उतरविले गेले. तेथील गुलामगिरी कायद्याने बंद झाली ती १३ मे १८८८ रोजी. आपली जुनी गिरणी चालू होऊन तेव्हा अकरा वर्षे झाली होती.

ब्राझीलच्या बाहिया प्रांतात साल्वादोर हे बंदर आहे. तेथे आलेल्या आफ्रिकी लोकांजवळ धन नव्हते, ग्रंथ नव्हते. स्मरणात होते ते देव, नाच व ठोके. त्यांच्या कांदोंब्ले नामक उपासनेत आताबाके नावाचे तीन उभे ढोल असतात. मोठा तो रुम, मधला रुम्पी आणि धाकटा ले. धाकटे दोघे ताल धरून ठेवतात व मोठा नर्तकाशी बोलतो. सोबत आगोगो म्हणजे लोखंडाची जोडघंटा, आणि शेकेरे म्हणजे मण्यांची जाळी चढविलेला भोपळा. आपल्या हलगी, कैताळ व लेझीम ह्यांच्याशी ह्यांचे साम्य कोणासही दिसेल: एक चामडे, एक घंटानाद, एक खुळखुळणारी झालर. परंतु त्या ढोलांमागे पोलीस लागले. १८९० च्या फौजदारी कायद्याने कापोएरा हा त्यांचा युद्धनृत्याचा खेळ गुन्हा ठरविला. कांदोंब्लेच्या घरांवर छापे पडत, ढोल जप्त होत, आणि बाहियात अशा देवघरांस पोलिसांकडे नोंद करण्याची सक्ती १९७६ पर्यंत होती. देवापुढे ढोल वाजवावयास चौकीचा परवाना!

अशा काळात, १८ फेब्रुवारी १९४९ रोजी, साल्वादोरच्या गोदीतील हमालांनी आनंदोत्सवाच्या मिरवणुकीसाठी एक वादन-नर्तनाचे पथक काढले. महात्मा गांधींची हत्या होऊन तेव्हा जेमतेम वर्ष लोटले होते. ह्या हमालांनी हिंदुस्थान पाहिला नव्हता. पण एका निःशस्त्र पुरुषाने साम्राज्यास वाकविले, हे त्यांच्या कानी गेले होते. त्यांनी पथकाचे नाव ठेविले 'फिल्योस दे गांधी', म्हणजे गांधींचे पुत्र. अंगास पांढऱ्या चादरी, डोक्यास पंचाचे पागोटे, गळ्यात निळ्या-पांढऱ्या माळा, आणि इजेशा नावाचा संथ, डौलदार ताल. हाणामारीच्या भीतीने ज्यांच्या ढोलांकडे सरकार पाही, तेच लोक शांतीचे नाव घेऊन रस्त्यावर उतरले. आज त्या पथकात हजारो लोक असतात, आणि त्यांची शुभ्र नदी रस्त्याने वाहू लागली म्हणजे सारे नगर वाट देते. अर्थात् तेही निर्दोष नव्हे. ह्या पथकात चालतात ते पुरुषच.

त्याच शहरात पेलोरिन्यो नावाची पेठ आहे. त्या शब्दाचा अर्थ फटक्यांचा खांब. गुलामांस तेथे बांधून चाबकाने मारीत. १९७९ साली त्या पेठेतील रहिवाशांनी 'ओलोडम' नावाचे पथक काढले व पुढे गरीब मुलांसाठी वादनाची शाळाही चालविली. ज्या जागी आजोबांच्या पाठीवर फटके पडले, त्या जागी नातू ढोलावर टिपरू मारावयास शिकतो. परगावचे पाहुणे आज साल्वादोरास येतात ते हे ढोल ऐकावयास. ज्या वाद्याची लाज होती ते गावाचा मानदंड झाले. आणि वाजविणाऱ्यास बाजूस सारून नव्हे, तर त्याला पुढे घालून झाले. कांदोंब्लेच्या घरांत ढोल वाजविणाऱ्यास देवकार्यातील अधिकाऱ्याचा मान आहे, आणि भक्त येता-जाता त्या ढोलांसही नमस्कार करतात.

गांधीजींच्या नावाची ही कथा सोलापूरकरांनी तरी परकी मानू नये. मे १९३० मध्ये गांधीजींस अटक झाल्यावर हे गिरणगाव असे पेटले की, काही दिवस येथे इंग्रजी अंमल नाममात्रही उरला नव्हता. १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला. आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा हे चौघे येरवड्यास फासावर गेले. एक लिंगायत, एक मुसलमान, एक मराठा, एक मारवाडी! साल्वादोरच्या हमालांप्रमाणेच ही नगरीही श्रमिकांची, आणि गांधींच्या नावाने एकत्र आलेली. ज्या गावास मरणात भेद आठवला नाही, त्यास मिरवणुकीत तो आठवू नये, ही अपेक्षा काही अधिक नव्हे.

आणि त्यासाठी ब्राझीलकडे तरी कशास पाहावे? बाराव्या शतकात होऊन गेलेल्या ज्या सिद्धरामेश्वरांनी ह्या गावात अडुसष्ट लिंगे स्थापिली व लोकांकडून तलाव खोदविला, त्यांच्या संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत ह्याचा वस्तुपाठ आहे. तीस फुटांच्या आसपास उंचीचे सात नंदीध्वज त्या वेळी निघतात. बाराबंदी घातलेले शुभ्रवेषधारी भक्त एकेक ध्वज कमरेच्या पट्ट्यावर तोलून धरतात. तोही महिनोन्‌महिने सराव केल्यावाचून साधत नाही. हे सात ध्वज निरनिराळ्या मानकऱ्यांचे असून शेवटचे मातंग समाजाच्या मानाचे आहेत. सातांतील एकही कमी झाला तर यात्रा पुरी होत नाही. ज्याच्याकडे आपण नुसता वाजवणारा म्हणून पाहतो, त्याला सिद्धरामाच्या दारी ध्वजाचा मानकरी म्हणून स्थान आहे. ह्या नगरीने अक्षतेच्या दिवशी जे मानले, ते भाद्रपदात विसरावे हे बरे नव्हे.

आज हलगीपुढे आणखी एक संकट उभे आहे. गाडीवर रचलेल्या ध्वनिवर्धकांच्या भिंती, ज्यांस लोक डॉल्बी म्हणतात, मिरवणुकीत शिरल्या आहेत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते पहाटे सहापर्यंत ध्वनिवर्धकांस मनाई केली खरी. परंतु कायदा आवाज थांबवू शकतो, सूर देऊ शकत नाही. त्या भिंतीपुढे तरुण नाचतात, पण शिकत काहीच नाहीत. तेथे कोणी कोणाच्या पायांकडे पाहत नाही, कोणी कोणास कोपराने ढोसत नाही, आणि कोणा मुलास वृद्धाचा हात धरून त्याला मध्यभागी आणावे लागत नाही. कारण वस्तादच नसतो. भाड्याच्या आवाजास गुरू लागत नाही, हीच त्याची खरी हानी. छातीची धडधड व कानांचे दुखणे ह्या त्यापुढच्या गोष्टी. उलट आनंदाची बाब अशी की, आता मुलींचेही ताफे निघू लागले आहेत, आणि नऊवारी नेसून डाव खेळणाऱ्या त्या मुलींचा ठोका कित्येकदा मुलांहून नेटका पडतो.

सुशिक्षित घरांतील मंडळींस ह्याबाबत तीन गोष्टी सहज करता येतील. पहिली, आपली मुले व मुली खिडकीतून ताफा पाहत असतील तर त्यांस खाली सरावास पाठवावे. एक महिन्यात पाय, श्वास व शिस्त ह्या तिहींचे शिक्षण होते. दुसरी, मंडळाची वर्गणी मागावयास आलेल्या तरुणांस रिकाम्या हाती परत न लावता विचारावे, 'हलगीच्या वस्तादास काय देता? वर्षभर त्याच्याकडे शिकावयास कोणी जाते काय?' घुमके व कैताळ धरणारी मुले तयार झाली नाहीत तर ताफा राहील आणि ताल जाईल. तिसरी व सर्वांत सोपी: मिरवणूक दारावरून गेल्यावर ताफ्यातील मुलांस आपण पाणी व प्रसाद देतो, तेव्हा हलगीवाल्यास ओसरीवर बोलावून पाटावर बसवावे आणि पहिला पेला त्याच्या हाती द्यावा. तो संकोचेल, भिंतीकडे वळेल. पण आपण आग्रह सोडू नये. जन्मभर ज्याने शेकडो मुलांस एका ठोक्यात चालावयास शिकविले, तो गुरूच होय. आणि गुरूस बसावयास आसन द्यावे, हे तर आपल्या घरातील लहान मुलासही ठाऊक असते.